वर चढलं की काळं होतं

पाना हे लिहिणारच नव्हता. तीनदा लिहायला बसला, तीनदा दोन ओळी टाइप करून खोडल्या आणि उठून पाणी पिऊन आला. लाज वाटत होती, दुसरं काय. ही गोष्ट सांगायची म्हणजे शेवटी चूक कोणाची निघाली तेही सांगावं लागतं, आणि तिथे त्याची बोटं अडायची. पण त्या रविवारी जे दिसलं ते तसंच विसरून जाणंही जमेना. म्हणून ही गोष्ट. त्याचीच आहे, फक्त दोन पावलं मागे सरकून सांगितलेली. तेवढीच लाज कमी वाटते.

तर पाना. हे काही त्याचं खरं नाव नव्हे. शाळेत असताना कुणाच्याही घरी गेला की याची नजर आधी दाराच्या बिजागऱ्यांवर जायची, आणि खिशात कायम एक छोटा पाना. हलणारं टेबल, गळणारा नळ, डगडगणारी खुर्ची, दिसलं की आवळलंच. नाव पडलं ते पडलंच. पुढे नळ-खुर्च्या सुटल्या आणि कॉम्प्युटर आले. कुठला कोर्स नाही, कुणी शिकवणारं नाही. जुनं मशीन उघडायचं, बिघडवायचं, मग रडकुंडीला येऊन नीट करायचं, असं करत करत शिकला. आता गल्लीतली निम्मी मशीन त्याने जुळवलेली. आणि त्याचं मशीन लांबूनही ओळखू यायचं. कॅबिनेटच्या काचेतून आत बघा, एक वायर वाकडी दिसणार नाही. सगळ्या एका रांगेत, प्लास्टिकच्या टायने बांधलेल्या, वेणी घातल्यासारख्या. लोक काचेला नाक लावायचे आणि "वा!" म्हणायचे. पान्याला त्या "वा"ची चटक लागली होती.

कासव हा त्याचा पहिलीपासूनचा दोस्त. सगळं सावकाश. बाकीचे जेवून हात धुऊन आले की हा दुसऱ्या घासाला हात घालणार. सहा महिन्यांपूर्वी पान्यानेच त्याला डेस्कटॉप जुळवून दिला होता, चांगलं दणकट ग्राफिक्स कार्ड घालून.

शनिवारी सकाळी कासवाचा फोन आला.

"पान्या, काळं होतंय रे."

"काय काळं होतंय?"

"स्क्रीन. गेममध्ये मी वर चढतो, आणि वर गेलं की काळं."

"कशाच्या वर?"

"तू ये ना. फोनवर नाही सांगता येत." मग जरा थांबून, "उद्या अकराच्या आत व्हायला हवं. बाबा हो म्हणालेत."

बाबा कशाला हो म्हणालेत ते पान्याला कळलं नाही. पण ज्या माणसाने जन्मात कधी घाई केली नाही तो "अकराच्या आत" म्हणतोय, म्हणजे घराला आग लागलेली असणार. त्याने स्क्रू ड्रायव्हरची गुंडाळी उचलली आणि निघाला.

कासवाचं घर तळमजल्यावर. दोन खोल्या, मागे धुणं वाळत घालायची चिंचोळी जागा. काकू दारातच होत्या, खांद्यावर ओला टॉवेल.

"आले बाई डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पेशंट आत आहे. सकाळपासून चारदा गेला आणि चारदा परत आला. एकदाचं काय ते कर रे बाबा."

"कोण, मशीन?"

"मशीन जातं, हा मागोमाग जातो. तोंड बघ त्याचं."

कासवाचं तोंड खरंच उतरलेलं होतं. त्याने खोलीचं दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला. "बाबा गेटवर गेलेत, दोनला येतील. त्यांना स्क्रीन दाखवायची नाही. उद्यापर्यंत अजिबात नाही."

काकांची गोष्ट पान्याला ठाऊक होती, म्हणजे आपल्याला ठाऊक आहे असं त्याला वाटायचं. काका टॉवर क्रेनचे ऑपरेटर होते. उंच इमारती बांधताना शेजारी जी लोखंडी शिडीसारखी क्रेन उभी असते, तिच्या टोकावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून वीस वर्षं त्यांनी याच गावात सळया आणि काँक्रीट उचललं. तीन वर्षांपूर्वी एक दिवस, साठ मीटरवर, हुकाला भार लटकत असताना त्यांच्या डोळ्यांपुढे काळं झालं. नुसती चक्कर नाही, ठार काळं. त्यांनी न बघता, हाताच्या अंदाजाने भार खाली टेकवला, ब्रेक लावला आणि बसून राहिले. दोघा जणांनी धरून पायरी पायरी खाली आणलं, त्याला दीड तास लागला. डॉक्टर म्हणाले रक्तदाब एकदम खाली जातो, आता उंची बंद. त्या दिवसापासून काका साध्या स्टुलावरही चढले नव्हते. गच्चीवर जायची वेळ आली की "गुडघा दुखतो" म्हणायचे. आता ते एका साइटच्या गेटवर उभे राहून शिट्टी वाजवत ट्रक आत-बाहेर करतात. मान कायम खाली. ट्रकच्या चाकांकडे बघत.

"बस," कासव म्हणाला, "आणि हसू नको."

तो ठोकळे रचून घरंदारं बांधायचा गेम होता. पान्याने तसले गेम चिक्कार पाहिले होते. कुणी किल्ला बांधतं, कुणी आपलंच घर बांधतं, आठवड्याने कंटाळतं. कासवाने गेम चालू केला, आणि पाना एका रस्त्यावर उभा होता. फरशी उखडलेली. कडेला पाण्याची टाकी, तिच्यावर गंजाचे तपकिरी ओघळ, तेही एकेक ठोकळा रंगवून काढलेले. समोर बेकरीची चिमणी. मागे शाळेची भिंत, भिंतीला एक भोक.

"हे काय आहे?"

"गाव. बाबांना वरून दिसायचं ते. जेवताना ते सांगायचे ना, की आज त्या निळ्या गच्चीवर कुणीतरी पलंग आणून ठेवला, शाळेच्या भिंतीला पोरांनी भोक पाडलं. मी लिहून ठेवायचो. ते वर जायचे बंद झाले तसं सांगायचेही बंद झाले. मग म्हटलं बांधून बघू."

"कधीपासून?"

"दोन वर्षं होतील. आधी जुन्या मशीनवर, मग तेच सगळं यात आणलं."

पाना गल्ल्यांमधून फिरत राहिला. प्रत्येक गच्ची वेगळी. एकीवर दोन टाक्या, एकीवर कबुतरांचं खुराडं, एकीवर वाळत घातलेल्या चादरी. एका पत्र्यावर एक कुत्रं झोपलेलं होतं, सहा ठोकळ्यांचं कुत्रं, पण झोपलेलंच वाटत होतं. मधोमध पिवळी क्रेन. खालून बघायला मान मागे टाकावी लागली. त्याला काहीतरी फालतू विनोद करायचा होता, तो सुचला नाही.

"क्रेन मागच्याच आठवड्यात पुरी झाली," कासव म्हणाला. "तोवर सगळं ठीक होतं. मग वर चढून सगळं गाव एकदम दिसावं म्हणून सेटिंगमधली लांबचं दिसायची पट्टी शेवटपर्यंत नेली, आणि तेव्हापासून हे. चढ तू. बघच."

पाना चढला. शिडी, मग एक फळी, परत शिडी. दोनशे पायऱ्या तरी असतील. वर केबिन, केबिनला दार, दाराआत खुर्ची. तो खुर्चीत गेला आणि माउस डावीकडे वळवला.

गाव उलगडायला लागलं. एक क्षण, फार तर दोन. मग आवाज अडकला, टर्रर्र, जीभ टाळ्याला चिकटल्यासारखा, आणि स्क्रीन काळी. ठार काळी. पंखे एकदम जोरात. थोड्या वेळाने साधी स्क्रीन परत आली, गेम बंद, आणि कोपऱ्यात पाटी: डिस्प्ले ड्रायव्हर थांबला होता, पुन्हा सुरू झाला आहे.

कासव म्हणाला, "उद्या अकराला बाबा वर चढणार आहेत. म्हणजे यात. आईने दोन महिने मागे लागून हो म्हणवून घेतलंय. तीन वर्षांत पहिल्यांदा उंचीला हो म्हणालेत, पान्या. आणि ते वर गेले, मान वळवली, आणि काळं झालं तर?"

पान्याने बाह्या सरसावल्या.

"ड्रायव्हर आहे," तो म्हणाला. "पाटीच सांगतेय की. दोन तासांचं काम."

ड्रायव्हर म्हणजे मशीन आणि ग्राफिक्स कार्ड यांच्या मधला दुभाषी. मशीन म्हणतं हे काढ, तो कार्डाला त्याच्या भाषेत समजावतो. दुभाषी गडबडला की चित्र बंद. पान्याने जुना ड्रायव्हर मुळापासून उपटला, नवाकोरा घातला. वर चढले. काळं. मग नवा काढून चार महिन्यांपूर्वीचा घातला, कधी कधी जुनाच बरा असतो. काळं. कार्ड तापतंय का पाहिलं, तर अडुसष्ट अंश, म्हणजे काहीच नाही. मेमरीच्या पट्ट्या एकेक करून तपासल्या. कार्ड सोडवून, पुसून परत बसवलं. मॉनिटरची वायर बदलली. मागे जे जे चालू होतं ते सगळं बंद केलं. दर वेळी दोनशे पायऱ्या, दर वेळी खुर्ची, दर वेळी मान वळवायची आणि काळं. चिडायला झालं होतं, पण एक गंमत पान्याच्या लक्षात आली होती आणि ती तो कासवाला बोलला नाही. दर वेळी काळं व्हायच्या आधी जे दोन क्षण गाव दिसायचं, त्यासाठी तो आता स्वतःच चढायला लागला होता.

काकू चहा घेऊन आल्या. "सापडला का चोर?"

"चोर सापडलाय काकू, ड्रायव्हर. कबूल होत नाहीये."

"मग दोन ठेवून द्या की."

दुपारी कासवाने लांबचं दिसायची पट्टी अर्ध्यावर आणली. वर चढला, वळला, सगळं सुरळीत. पण आठ-दहा गल्ल्यांपलीकडे पांढरं धुकं. गाव कापूस लावून बंद केल्यासारखं.

"हे चालतंय की," पाना म्हणाला. खरं म्हणजे तो थकला होता.

"धुक्यात क्रेन चालवत नाहीत," कासव म्हणाला. "बाबा वर पोचायच्या आधीच खाली उतरतील. म्हणतील, हवा खराब आहे, आज काम बंद."

तो हसत नव्हता. ती धुक्याची खेप सोडली तर संध्याकाळपर्यंत चौदा वेळा चढणं झालं, चौदाही वेळा काळं. पाना घरी गेला तेव्हा डोळे मिटले तरी त्याला पिवळ्या पायऱ्या दिसत होत्या.

रविवारी आठ वाजता तो परत हजर. काका घरीच होते, बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसलेले. पेपर उघडा, पान उलटत नव्हतं.

"काय रे पान्या," ते पेपरामागून म्हणाले, "मला वर न्यायचंय म्हणून दोघं काल दिवसभर शिडी लावत होतात म्हणे."

"होईल काका. बारीक अडचण आहे."

"बारीक असू दे की जाड. नाही झालं तरी चालेल." हे मात्र फारच पटकन म्हणाले. काकूंनी आतून वाटी जरा जोरात आपटली.

दोघं परत कामाला लागले. साडेनऊ झाले. दहा वाजत आले. पान्याचे सगळे उपाय संपले होते, तेच तेच उलटसुलट करून चालू होतं. तो परत वर चढला, परत वळला, टर्रर्र, काळं. कासवाने डोकं टेबलावर टेकवलं.

दारात काका उभे होते. कासव ताडकन उठला आणि हाती लागला तो टॉवेल स्क्रीनवर टाकला.

"मला नाही बघायचं," काका म्हणाले. "मी ऐकत होतो. ते काय कुंईं करतं?"

"कोण?"

"तुमचं यंत्र. बंद पडायच्या आधी कुंईं करतं. बारीक आवाज आहे. मग एकदम पडतं. परत कर बघू."

पान्याला वाटलं काकांना कशाला दुखवा. त्याने टॉवेल तसाच ठेवून, एका कोपऱ्यातून डोकावत गेम चालू केला. काका खुर्ची ओढून कॅबिनेटजवळ बसले, डोळे मिटून, कान काचेला लावून. सहा महिन्यांत त्या काचेला सगळ्यांनी नाक लावलं होतं, कान पहिल्यांदाच कुणी लावला.

"आता चढतोय," पाना सांगत गेला. "अजून शिडीवरच आहे. ही दुसरी फळी."

"हं. सुखात आहे."

"केबिनमध्ये आलो. वळवू?"

"वळव."

पान्याने वळवलं. आणि या वेळी, काका म्हणाले म्हणून, त्यालाही ऐकू आलं. पंख्यांच्या आवाजाच्या खालून एक बारीक कुंईं, चढत चढत गेलेली. मग टर्रर्र.

काकांनी डोळे उघडले. तीन वर्षं पाना त्या माणसाकडे बघत आला होता, पण हे तोंड त्याने पाहिलं नव्हतं. साइटवरचं तोंड.

"याला झटका बसतोय," काका म्हणाले. "भार जास्त नाही, भार एकदम घेतोय. हुकाला दोन टन लावले आणि सावकाश उचलले तर ते दोनच टन असतात. तेच हिसक्याने उचल, दोराला चार टनांचं ओझं लागतं. दोर कुंईं करतो. मी वर असताना ऐकलाय तो आवाज. याला वीज कुठून जाते?"

"पॉवर सप्लायमधून. वायरीने."

"किती दोरांवर टांगलंय?"

पान्याने कॅबिनेटची काच उघडली. उघडली आणि हात लावायच्या आधीच त्याला उत्तर कळलं. कार्डाला विजेची दोन तोंडं होती. दोन तोंडांना दोन वेगळ्या वायरी पॉवर सप्लायपासून यायला हव्यात. पान्याने एकच वायर आणली होती. तिच्याच टोकाला दोन फाटे असतात, ते दोन्ही तोंडांत बसवले होते. बसतात. चालतंही. आणि काचेतून एक वायर कमी दिसते.

एवढंच. एक वायर कमी दिसावी म्हणून.

"एकच," तो म्हणाला. "एका वायरीला दोन हूक."

"हूक दोन लावले म्हणून दोर जाड होतो का रे?" काकांनी अगदी साध्या आवाजात विचारलं. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पान्याचे कान तापले. काल दिवसभर तो पाटी वाचून ड्रायव्हरला धोपटत होता. ड्रायव्हर बिचारा शेवटी फक्त सांगायला येत होता की पलीकडून उत्तर येत नाही. वर केबिनमध्ये बसून वळलं की सगळं गाव एकदम काढावं लागायचं, त्यासाठी कार्ड एका क्षणात भरपूर वीज मागायचं, आणि ती एवढ्याशा वायरीतून हिसक्याने यायची. तेवढ्यात कार्ड गप्प व्हायचं.

"आणखी एक विचारू?" काका म्हणाले. "क्रेन उभी केली की ऑपरेटर पहिला वर जात नाही. ज्याने बोल्ट आवळले तो आधी चढतो. वर जाऊन चारी बाजूंना फिरवून बघतो, मग खाली येऊन ऑपरेटरला म्हणतो, जा. हे तू जुळवलंस तेव्हा आधी वर कोण गेलं होतं?"

कोणी नाही. पान्याने आपल्या घरी दहा मिनिटं चाचणी लावली होती, हिरवी खूण आली होती, आणि मग तो वीस मिनिटं टाय आवळत बसला होता. कासव काय बांधतोय हे सहा महिन्यांत त्याने एकदाही विचारलं नव्हतं.

"चुकलं काका," तो म्हणाला.

"दुसरी वायर आहे का?"

"पॉवर सप्लायबरोबर एक काळी पिशवी आलेली, त्यात जास्तीच्या होत्या. कासवा, पिशवी कुठाय?"

कासवाने कपाट उघडलं, पलंगाखाली वाकला, परत कपाट. शेवटी काकू मागच्या दारातून आल्या, हातात तीच काळी पिशवी, फुगलेली. त्यांनी ती पलंगावर ओतली. कपड्यांचे चिमटे.

"चांगली घट्ट पिशवी होती," काकू म्हणाल्या. "आत काळ्या काळ्या वायरी होत्या, त्या बुटांच्या खोक्यात ठेवल्यात. टाकून नाही दिल्या. असं बघू नका माझ्याकडे."

वायर बसवायला चार मिनिटं लागली. ती दुसरी वायर जराशी वाकडी आली, वेणीतून बट सुटावी तशी पुढे लोंबली. पान्याचा हात सवयीने टायकडे गेला. मग त्याने हात मागे घेतला. आणि काकांचं ते "सावकाश उचल" डोक्यात घोळत होतं म्हणून गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन सेकंदाला किती चित्रं काढायची त्याला हद्द घातली. साठ. आतापर्यंत कार्डाला लगामच नव्हता, ते दोन-अडीचशे काढत सुटायचं. साठ डोळ्यांना पुरतात.

"मी आधी," तो म्हणाला.

टॉवेलच्या कोपऱ्यातून नव्हे, टॉवेल काढून. काका भिंतीकडे तोंड करून बसले. पाना चढला. दोनशे पायऱ्या, खुर्ची. डावीकडे वळला, सावकाश. कुंईं आली नाही. मग जोरात. मग गरागरा, एकदा, दोनदा, दहादा, उजवीकडून आणि डावीकडून. पंख्यांचा आवाज जरा चढला आणि तिथेच राहिला. स्क्रीन काळी झाली नाही.

मग तो थांबला, आणि मग त्याने पाहिलं.

काल दोन क्षणांपुरतं दिसायचं ते आता जात नव्हतं. गच्च्या, गच्च्यांमागे गच्च्या, हजारो, आणि एकही दुसरीसारखी नाही. चादरी, टाक्या, खुराडी, तुटक्या खुर्च्या, कुणीतरी विसरलेली सायकल. बेकरीच्या चिमणीतून ठोकळ्यांचा धूर. शाळेच्या भिंतीचं भोक इथून टाचणीएवढं. रस्ते खालून चालताना वाकडेतिकडे वाटायचे, वरून त्यांना एक वळण होतं, हातावरच्या रेषांसारखं. पान्याला वाटलं आपण काचेच्या आतल्या वायरी सरळ करत बसलो होतो, आणि त्याच काचेच्या आत हे होतं.

खाली उतरला. उडी मारून नाही, पायरी पायरीने. मग खुर्ची सोडली.

"काका," तो म्हणाला, "जा."

अकराला पाच मिनिटं होती. काका स्क्रीनसमोर बसले तेव्हा त्यांचे दोन्ही हात खुर्चीच्या कडांवर होते, बोटं पांढरी पडलेली. कीबोर्ड कासवाकडे. काकू मागे, टॉवेल अजून खांद्यावर. पाना कॅबिनेटशेजारी जमिनीवर बसला, कान काचेला लावून.

कासवाने रस्ता दाखवला. शिडी सुरू झाली.

"पहिल्या फळीवर थांब," काका म्हणाले. कासव थांबला. "दम घ्यायचा असतो. हं, चल."

दुसरी फळी. तिसरी. "खाली बघू नको," काका म्हणाले, कासवाला की स्वतःला कोण जाणे. चौथ्या फळीवर त्यांनी डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. काकूंचा हात त्यांच्या खांद्यापर्यंत गेला आणि हवेतच राहिला.

"उतरू या का बाबा?"

"पोचलास का?"

"केबिनमध्ये आहे. खुर्चीत."

काकांनी डोळे उघडले.

कासवाने फार सावकाश, त्याच्याच पद्धतीने, माउस सरकवला आणि गाव एकेक गल्ली करत समोरून जाऊ लागलं. पान्याने श्वास रोखून कान लावला होता. पंखा. फक्त पंखा.

"निळी गच्ची," काका म्हणाले. आवाज बसलेला. "पलंग ठेवलास."

"हो."

"त्या पलंगावर एक म्हातारा दुपारी येऊन झोपायचा. मी त्याच्यावरून भार कधी नेला नाही. लांबून वळसा घ्यायचो. फोरमन ओरडायचा." मग पुढे, "हं, कबुतरं. ही चादरवाली बाई. हे कुत्रं... अरे, कुत्रंही?"

"तुम्हीच सांगितलं होतं."

"मी कधी सांगितलं?"

"मी चौथीत होतो."

काकांनी मान हलवली, मग खुर्चीची कड सोडली. आधी एक हात, मग दुसरा. माउस कासवाच्या हाताखालून काढून घेतला आणि डाव्या हातात धरला, क्रेन फिरवायची दांडी डाव्या हाताला असते म्हणून. आणि फिरवलं. सावकाश सुरुवात, मधे वेग, शेवटी अलगद थांबवलेलं, बशीतला चहाही सांडला नसता असं. पूर्ण गोल. गाव त्यांच्याभोवती फिरलं आणि जिथे थांबवायचं तिथेच थांबलं.

"काळं नाही झालं," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. नुसतं खात्री करून घेतल्यासारखं.

काकू टॉवेलने तोंड पुसत होत्या. "एवढं सगळं बघत होतात होय वर बसून," त्या म्हणाल्या. "वीस वर्षं. आणि मी विचारलं की म्हणायचात, काही नाही, काम."

"सांगून काय कळलं असतं?"

"याला कळलं की." त्यांनी कासवाच्या डोक्यावर टपली मारली. "सरका जरा. मलाही बघू द्या. आपलं घर कुठाय?"

काकांनी दाखवलं. टाकीच्या मागे, तिसरं. मागच्या चिंचोळ्या जागेत एक दोरी, दोरीवर चार ठोकळ्यांचा टॉवेल. काकू किती वेळ त्या टॉवेलकडेच बघत राहिल्या. "मी इथे दिसायचे?" त्यांनी विचारलं. काका स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाले, "रोज. साडेदहाला."

नंतर बराच वेळ नवरा-बायको तिथेच बसले होते. त्या विचारत होत्या, ते दाखवत होते. पाना आणि कासव मागच्या दाराच्या पायरीवर येऊन टेकले. वर दोरीवर खराच टॉवेल वाळत होता. पान्याने मान वर करून आकाश पाहिलं. तिथे आता कुठलीही क्रेन नव्हती, पण कुणीतरी तिथून रोज साडेदहाला खाली बघायचं हे आता त्याच्या डोक्यातून जाणार नव्हतं.

आतून काकांची हाक आली. "अरे कासवा! शाळेच्या मागे शेवटच्या गल्लीनंतर काहीच नाही ठेवलंस?"

"तिथपर्यंतच सांगितलं होतं तुम्ही."

"तिथे पाणी दिसायचं. फार लांब. वारा पडला आणि हवा धुतल्यासारखी झाली की वर्षातून दोन-तीनदा दिसायचं. चांदीच्या तारेएवढी रेघ. कुणाला सांगितलं नाही मी, कुणी विश्वास ठेवला नसता."

कासवाचे ओठ हलत होते, मनातल्या मनात गल्ल्या मोजत असणार. अजून दोन वर्षं. तीनही.

"पान्या," तो म्हणाला, "पाण्यापर्यंत बांधलं तर झेपेल याला?"

एरवी पाना म्हणाला असता, आरामात! जीभ तिथपर्यंत आलीही होती. मग त्याला ती एक वायर आठवली, आणि उघड्या दारातून कॅबिनेटच्या काचेआड लोंबणारी दुसरी दिसली, वाकडी.

"माहीत नाही," तो म्हणाला. "पण तू बांध. दर दहा गल्ल्या झाल्या की मला बोलव. मी येईन, वर चढेन, चारी बाजूंना फिरवून बघेन. काळं झालं तर माझ्यासमोर होईल. आधी मी चढणार, कासवा. मग काका. शब्द देतो."